समोरून वारा, पुढे समुद्र

कराडहून चिपळूणला सायकलने निघालेल्या माणसाला घाट चढावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही, कारण घाट म्हटलं की त्यांना मांड्या भरून आणणारा चढच आठवतो. पण कराड मुळातच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि कुंभार्ली घाटाचा माथा सव्वासहाशेच्या आसपास. मधले लहानसहान चढउतार सोडले तर साठेक किलोमीटरमध्ये चढण अशी फारशी नाहीच. आणि मग एकाएकी ही सगळी उंची रस्ता थोडक्या अंतरात खाली टाकून देतो. पूर्वेकडून येणाऱ्याला सह्याद्री डोंगर वाटतच नाही. तो डोंगर आहे हे कळतं ते कड्यावर पोचल्यावर.

हिवाळ्यात हा रस्ता सोपा आहे. जुलैत मात्र त्याचा स्वभाव पालटतो, आणि तो पाऊस पालटत नाही, वारा पालटतो. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात, हे आपण शाळेतच शिकलो. पावसाळ्यात किनाऱ्याकडे सायकल चालवणं म्हणजे याच वाऱ्याच्या तोंडावर जाणं. त्याने अख्ख्या देशाचा पाऊस खांद्यावर घेतलेला असतो आणि एकट्या सायकलवाल्यासाठी तो वाट सोडत नाही.

कराड ते गुहागर हे अंतर एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास भरतं. गुहागर-विजापूर महामार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याचा हा पश्चिमेकडचा तुकडा. जुलैच्या मध्यावर एक दिवस तो एकट्याने पार करायचा, एवढाच बेत होता. या एका दिवसात पायांपेक्षा अंदाज जास्त चालवावा लागतो, असं माझं मत झालं आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

रंग आणि आकडे

अशा दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी हवामान खात्याच्या नकाशापासून होते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर तो ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. सायकलवाल्याने या रंगांचा आपल्यापुरता अर्थ ठरवून ठेवावा. माझा हिशेब साधा आहे: पिवळ्यात निघायचं, नारिंगीत घाटात शिरायचं नाही, लाल असेल तर घरी बसून चेनला तेल घालायचं. त्या दिवशी घाटमाथ्यावर पिवळा होता.

सामानाची तयारी फार नसते, पण जी असते ती मन लावून करावी लागते. पॅनियर, म्हणजे कॅरिअरला लटकणारी पिशवी, कितीही ‘वॉटरप्रूफ’ असली तरी आतले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे. चेनला नेहमीपेक्षा घट्ट तेल, कारण पातळ तेल पहिल्या तासातच धुऊन जातं. टायरमधली हवा थोडी कमी, म्हणजे ओल्या डांबरावर पकड बरी राहते. मागचा लाल दिवा दिवसाढवळ्याही चालू ठेवायचा. मडगार्ड लांब असावं, नाहीतर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल सरळ तोंडात येतो. रेनकोटबद्दल दोन तट आहेत. घातला तर घामाने भिजतो, नाही घातला तर पावसाने. भिजणं टळत नाही हे एकदा मान्य केलं, की एकच प्रश्न उरतो: भिजून ऊब राहील की नाही?

साताऱ्याची बाजू

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. हा प्रीतिसंगम. तिथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. चिपळूणचा रस्ता इथून कोयनेच्या उलट दिशेने, तिच्याच खोऱ्यातून वर जातो. पहाटे कराड सोडलं तेव्हा रस्ता ओला होता, पण पाऊस नव्हता. दोन्हीकडे ऊस, मध्ये सोयाबीन आणि भुईमूग. कराडला वर्षाकाठी पडणारा पाऊस साताठशे मिलिमीटरच्या आतबाहेरचा. साठ किलोमीटरवरच्या कोयनानगरला तो पाच हजारांच्या घरात जातो. पुस्तकात कराडच्या बाजूला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सायकलवरून मात्र हा आकडा रस्त्याच्या कडेच्या शेतांतच वाचता येतो. मल्हारपेठेपर्यंत उसाचं राज्य असतं, नवारस्ता मागे पडला की भाताची खाचरं वाढू लागतात आणि पाटणच्या पुढे उतारांवर नाचणी दिसायला लागते.

वारा मल्हारपेठेच्या आधीच अंगावर यायला लागला. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी पंधरा किलोमीटरने चाललेल्या सायकलला समोरून पंचवीसचा वारा भेटला की अंगावर येणारा वारा चाळीसचा होतो आणि अडथळा निवांत हवेच्या तुलनेत सातपट. जमीन सपाट असली तरी चालवणाऱ्याला चढच चढावा लागतो, फक्त हा चढ दिसत नाही आणि संपतही नाही. चार-पाच जण असले तर पाळीपाळीने एकाने पुढे होऊन वारा अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशाने यायचं, अशी सोय असते. एकट्याला आडोसा नसतो. त्याने गिअर हलका करावा, कोपरं वाकवून अंग खाली घ्यावं आणि घड्याळाकडे बघणं सोडावं. वाऱ्याशी ईर्ष्या करून वेग राखायला गेलेला माणूस पाटणलाच संपतो, आणि खरा दिवस तर पाटणनंतर सुरू होतो.

पाटणच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. चहावाल्या बाईंनी आधी सायकलकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“दादा, गाडी न्हाई का तुमच्याकडं?”

आहे म्हटलं, घरी ठेवली आहे. त्यावर काय बोलावं हे त्यांना सुचलं नसावं. भज्यांचा घाणा काढत त्या म्हणाल्या, “कालपास्नं घाटात ढग उतरल्यात. गाड्याबी लाईट लावून येत्यात. हेळवाकला कुणाला तरी इचारा आन् मगच फुडं जा.”

हवामान खात्याचा नकाशा जिल्ह्यापुरता बोलतो, टपरी पुढच्या वीस किलोमीटरचं सांगते. घाटातून आलेली प्रत्येक गाडी इथे थांबते आणि तिच्या चालकाच्या तोंडून ताजी बातमी येते. म्हणून पावसाळी प्रवासात चहाला थांबणं चैनीत धरू नये, ती चौकशी असते. या तालुक्यात चौकशीला वेगळं वजनही आहे. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या पाटण तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळून माणसं गेली. त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. इथली माणसं पावसाबद्दल बोलताना आवाज चढवत नाहीत, पण त्यांनी ‘थांबा’ म्हटलं तर थांबावं.

नदी वळते तिथे

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते. समुद्र इथून जवळ असताना नदी त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराची वाट धरते. माणसाने तिचं बरंचसं पाणी पुन्हा पश्चिमेला वळवलं. वळणाच्या वरच्या अंगाला, कोयनानगरला, १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं आणि सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारा शिवसागर जलाशय तयार झाला. त्यातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणाच्या बाजूला सोडलं जातं. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेकडे नेण्याची मुभा दिली आहे. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये आणि पुढे २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला बोगद्यातून भोक पाडण्याचा, ‘लेक टॅपिंग’चा, प्रयोग झाला.

कोयनानगरच्या जुन्या माणसांना दुसरा एक आकडा जास्त आठवतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्या भूकंपाने इथली घरं पाडली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं नेली. मोठ्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, हा प्रश्न जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांपुढे ज्या ठिकाणांमुळे आला त्यांत कोयना वरच्या क्रमांकावर आहे.

हेळवाकला पाऊस सुरू झाला. थेंबांचा पाऊस नव्हे, ढगच रस्त्यावर उतरल्यावर पडतो तो. चष्मा काढून खिशात टाकला, कारण तो असून-नसून सारखाच होता. दोन्ही बाजूंना कोयना अभयारण्याचं रान. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. त्या दिवशी त्यातली रस्त्याकडेची पहिली दोन झाडंच काय ती दिसत होती.

घाटमाथ्यावर एक एसटी थांबलेली होती. चालक खाली उतरून वायपर पुसत होता. घाट कसा आहे विचारलं तर म्हणाला, दरड नाही, रस्ता सुरू आहे, पण दिसत काही नाही. मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मी कुठल्याच सायकलवाल्याकडून इतकी नेमकी ऐकली नव्हती. “कडेला चिकटून चालवू नका. तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो घुसतो. वळणावर थोडं आत या. त्याला तुमच्या मागे थांबायला लावा.”

उतार

पावसातल्या घाटाची परीक्षा उतारावर होते. चढावर चूक झाली तर पाय दुखतात, उतारावर झाली तर हाड मोडतं. आणि कराडच्या बाजूने येणाऱ्याला पहिल्या वळणापासून उतारच मिळतो, तोही साठ किलोमीटर वाऱ्याशी झुंजून थकल्यावर.

माझ्या सायकलला जुन्या पद्धतीचे रिमब्रेक आहेत. कोरड्या रिमवर रबर दाबलं की सायकल थांबते. ओल्या रिमवर ते आधी पाणी पुसतं. ब्रेक दाबल्यावर चाकाचे पहिले काही फेरे नुसते या पुसण्यात जातात आणि सायकल जशीच्या तशी पुढे जात राहते. ताशी तीसच्या वेगाने सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर तोडते. ब्रेकने पकड घ्यायला सेकंदभर उशीर केला तर एसटीच्या जवळजवळ लांबीइतका रस्ता हातातून गेला. म्हणून पावसात ब्रेक वळणावर दाबायचे नसतात, वळणाच्या बऱ्याच आधीपासून दोन्ही हलके टेकवत ठेवायचे असतात, म्हणजे रिम पुसलेली राहते. टेकवलं की करकर आवाज येतो आणि रिमवरून काळपट, वाळूमिश्रित पाणी ओघळायला लागतं. त्या काळ्या पाण्यात रबरही असतं आणि रिमचं अ‍ॅल्युमिनियमही. सरळ रेषेत वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, मोरीवरची लोखंडी जाळी, ट्रकने सांडलेल्या डिझेलचे इंद्रधनुषी डाग, हे तिन्ही ओल्यात साबणासारखे. पाणी साचलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, म्हणून समोरच्या गाडीचं चाक त्यात किती बुडतं ते पाहायचं. गाडी नसेल तर खड्डा टाळायचा.

दुसरी अडचण थंडीची. जुलैत कुंभार्लीत थंडी वाजते हे गाडीतून जाणाऱ्याला पटणार नाही. पण पाणी हवेपेक्षा चोवीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, वर वारा असतो, आणि उतारावर पायडल मारायचं नसल्याने शरीर नवी ऊब तयार करत नाही. अर्ध्या घाटात बोटं बधिर होऊ लागतात, आणि ब्रेक तर बोटांनीच दाबायचा असतो. यावर जुन्या शर्यतवाल्यांचा उपाय अजून चालतो: माथ्यावर जर्सीच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवायची. युरोपातल्या डोंगरी शर्यतींत खेळाडू हेच करत आले आहेत. मी पाटणला घेतलेल्या पेपराचं पहिलं पान अग्रलेखासकट या कामी आलं. शिवाय दर तीन-चार वळणांनंतर रुंद जागा पाहून थांबायचं, हात काखेत धरायचे, रिमला हात लावून पाहायचा, रबर किती उरलं ते बघायचं.

एसटीचालकाचा सल्ला मानून मी वळणांवर आत येत होतो. मागून ट्रक आला की त्याचा आवाज आधी येई, उजेड नंतर. एकाने हॉर्न वाजवून हैराण केलं, बाकीचे मागे थांबले. त्यातल्या एकाने तर दोन वळणं डिपर देत माझी पाठराखण केली आणि सरळ रस्ता लागल्यावर लांबून ओव्हरटेक करून गेला. घाटात सायकल सुखरूप उतरली याचं निम्मं श्रेय अशा अनोळखी चालकांना असतं. ते कुठे नोंदलं जात नाही.

धुकं संपलं तेव्हा एकदम संपलं. खाली हिरवी खाचरं, कौलारू घरं आणि कानात पाण्याचा आवाज. हवा बरीच उबदार. पोफळी आली होती. वर कोयनानगरला पाहिलेलं पाणी बोगद्यांतून इथे माझ्या आधी पोचलं होतं. वीज करून झाल्यावर ते कोळकेवाडी धरणातून पुढे वाशिष्ठीत जातं. भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी आटत नाही ती या पाहुण्या पाण्यामुळे.

चिपळूणचं पाणी

अलोरे, शिरगाव, खेर्डी करत बहादूरशेख नाक्याला आलो की मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो. चिपळूण समुद्रापासून लांब असलं तरी खाडीची भरती गोवळकोटपर्यंत येते. वरून मुसळधार पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की शहरात पाणी शिरतं. २२ जुलै २०२१ ला ते असं शिरलं की काही ठिकाणी लोकांनी दिवसभराहून जास्त वेळ वरच्या मजल्यांवर काढला. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने त्या पुरात पुस्तकं गमावली. २००५ च्या पुरानेही त्या ग्रंथालयाला सोडलं नव्हतं.

बाजारातल्या एका जुन्या सायकल दुकानात ब्रेकचे रबर बदलून घेतले. मिस्त्रींनी काढलेला रबर अंगठ्याने दाबून पाहिला. “कुंभार्ली उतरून आलात वाटतं. अर्धं रबर वरच ठेवून आलात.” त्यांनी रबरात रुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कण सुईने काढून दाखवले. हे कण काढले नाहीत तर ते रिमलाच कानशीसारखे घासत बसतात. मग मागचं चाक हवेत फिरवून कान लावला आणि म्हणाले, छर्ऱ्यांत पाणी गेलंय, घरी गेल्यावर उघडून ग्रीस भरा. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्याही वर पाण्याची तपकिरी रेघ होती. रंग का दिला नाही म्हटलं तर म्हणाले, “असू दे. ती बघितली की जुलैत माल वरच्या फळीवर ठेवायची आठवण राहते.”

सडा

चिपळूणनंतर समुद्र चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. नकाशा पाहणाऱ्याला वाटतं आता किनाऱ्यापर्यंत उतरतंच जायचं. कोकणात तसं नसतं. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे आणि गुहागरकडे जायला पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चढावं लागतं. दिवसाचा दमवणारा चढ हा असा शेवटच्या टप्प्यात भेटतो. मार्गताम्हाण्याच्या आसपास खाचरांत लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, एखाद्या म्हातारीच्या पाठीवर अजून इरलं. तरव्याची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताने चार-पाच काड्या सुटायच्या आणि अंगठ्याने चिखलात दाबायच्या. मागे एक पाऊल, पुन्हा चार-पाच काड्या. मी पावसात सहा-सात तास होतो म्हणून स्वतःला शूर समजत होतो. त्या बाया लावणी संपेपर्यंत रोज त्याच पावसात असतात, आणि त्यांच्या जर्सीत वर्तमानपत्र नसतं.

शृंगारतळीच्या पुढे सडा उघडा पडतो. आडोशाला झाड नाही, टेकडी नाही. इथला वारा थेट समुद्रावरून येतो आणि झोतांनी येतो. झोत आला की सायकल हातभर बाजूला सरकते. अशा ठिकाणी मागून मोठी गाडी येताना दिसली तर मी सरळ उतरून उभा राहिलो. मोडकाआगरचं पाणी मागे टाकून शेवटचा उतार लागला आणि नारळी-पोफळीच्या आड गुहागर आलं.

गुहागर म्हणजे समुद्राला समांतर धावणारा एक लांबलचक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ. समुद्र गढूळ, तपकिरी, लाटा किनाऱ्यापासून लांबवरच फुटत होत्या. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्हीसाठी ती सोयीची. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते दोन महिने समुद्रात जात नाहीत, हे सायकलवाल्यानेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी ओसरीवरच अडवलं. “एसट्या बंद पडल्यात की काय हो?” मग आत जाऊन बंबाचं कढत पाणी काढून ठेवलं. रात्री कुळथाचं पिठलं, भात आणि पोह्याचा पापड. या दिवसांत ताजी मासळी कुठून आणणार, असं त्यांनीच आधी सांगून टाकलं.

जाणाऱ्यासाठी

पावसात सायकलवर निघणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढते आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्यांतले अनेक जण किलोमीटर मोजतात, चढाची उंची मोजतात, फोटो टाकतात. मोजायचंच असेल तर थांबण्याच्या जागा मोजा. कुठे चौकशी करायची, कुठून मागे फिरता येईल, कुठे रात्र काढता येईल, हे आधी ठरवा. एकट्याने जाताना ‘चल रे, होईल’ म्हणणारा सोबती नसतो, हा एकटेपणाचा मोठा फायदा आहे. तो वाया घालवू नका. गाडीवाल्यांना एवढंच सांगणं, की घाटात पुढे सायकल दिसली तर वळण संपेपर्यंत मागे राहा. तुमचं अर्धं मिनिट जाईल.

आणि कुंभार्लीपुरतं सांगायचं तर हेळवाकला चहा घ्या, समोरून आलेल्या दोन चालकांना विचारा, घाटमाथ्यावर उभे राहून पाहा. पुढचं वळण दिसत नसेल तर चिपळूणला जाणारा रिकामा टेम्पो गाठा आणि सायकल त्यात टाका. समुद्र तीस-पस्तीस किलोमीटर कमी सायकल चालवून गेलं तरी तिथेच असतो.